ड्रमवर बसायचंय? आधी हळू वाजवायला शिका: नागपुरातल्या नव्या ड्रमरसाठी कामाच्या गोष्टी

नागपुरात "मी ड्रम वाजवतो" असं सांगितलं की समोरचा विचारतो, "पथकात का?" नाहीतर "धुमालमध्ये का भाऊ?" ढोल-ताशा पथक नाही, मिरवणुकीतला धुमाल बँडही नाही म्हटलं की तिसरा प्रश्न येतो, "मग बाकी काय करता?" बाकी काही नाही. गेली अठरा वर्षं ऑर्केस्ट्रा, लग्नाचं संगीत, शाळांची गॅदरिंग, गरबा, १४ एप्रिलच्या आसपासचे भीमगीतांचे कार्यक्रम, जिथून बोलावणं येईल तिथे ड्रमवर बसतो आणि सकाळी पोरांना शिकवतो. शिकायला आलेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, ड्रमसेट कोणता घेऊ?" माझंही उत्तर ठरलेलं आहे: सध्या कोणताच नको.

जोरात वाजवणं आठवड्याभरात कोणालाही जमतं. दुसऱ्यांदा फोन येतो तो हळू वाजवूनही लय न सोडणाऱ्याला. शेजारी, गायक, साउंडवाला आणि स्वतःचे कान, चौघांनाही तेच हवं असतं. म्हणून खालचा क्रम मी त्याच हिशेबाने लावलाय.

पहिले सहा महिने: काठ्या, पॅड आणि मेट्रोनोम

काठ्यांच्या दोन जोड्या घ्या, ५ए नंबरच्या. जाडी साधारण साडेचौदा मिलिमीटर, लांबी १६ इंच. बारीक हातांना ७ए चालतात. सीताबर्डीवरच्या दुकानात गेलात की काउंटरच्या काचेवर काठी आडवी ठेवून घरंगळू द्या. थरथरत गेली तर ती वाकडी आहे. मग दोन्ही काठ्या आळीपाळीने काउंटरच्या लाकडावर टिचकून बघा. एकीचा आवाज उंच आणि दुसरीचा खाली असेल तर वजनात फरक आहे, जोडी बदलून मागा. दुकानदार वैतागतो, वैतागू द्या.

पॅड रबरी असावं. काठी मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर अंगठा आणि पहिल्या बोटात धरायची, बाकीची बोटं नुसती सोबतीला. नीट धरली आहे का हे पाहायला काठी हातात तशीच धरून पॅडवर पडू द्या. चेंडूसारखी तीन-चार वेळा उसळली तर ठीक. एकदाच टप्प झाली तर तुम्ही तिचा गळा आवळताय.

रुडिमेंट्स, म्हणजे ड्रमची बाराखडी. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवादकांच्या संस्थेच्या यादीत ती ४० आहेत. ती यादी भिंतीवर चिकटवून घाबरून बसणारे मी खूप पाहिलेत. सहा महिन्यांना चार पुरे होतात: सिंगल स्ट्रोक (आळीपाळीने एकेक टोला), डबल स्ट्रोक (प्रत्येक हाताचे दोन-दोन), पॅराडिडल आणि फ्लॅम (मुख्य टोल्याच्या किंचित आधी दुसऱ्या हाताचा हलका टोला). त्यातही पॅराडिडल रोज हवा: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा.

वाजवायचा कसा ते नीट सांगतो, सगळी मेख तिथेच आहे. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिक-टिक करणारं यंत्र किंवा ॲप, ६० वर लावा (मिनिटाला ६० टिक). एका टिकीत चार टोले. काठीचं टोक पॅडपासून दोन बोटांपेक्षा वर जाता कामा नये. सलग पाच मिनिटं. पहिलं मिनिट सोपं वाटतं. तिसऱ्या मिनिटाला डावा हात हळूच वर चढायला लागतो आणि जोडटोल्यातला दुसरा टोला विरघळतो. हे वाजवताना कळत नाही, म्हणून मोबाइल बाजूला ठेवून रेकॉर्ड करा आणि ऐका. लाज वाटेल. दुसऱ्या दिवशी तेच करा. महिनाभरानंतर मेट्रोनोम तीन आवर्तनं चालू, एक आवर्तन बंद असा लावा. बंद आवर्तनानंतर पहिली टीक तुमच्या टोल्यावर पडली तर लय तुमची, नाहीतर अजून ती मशीनचीच आहे.

घरात कोणी तबल्याच्या परीक्षा दिल्या असतील, आणि नागपुरात बऱ्याच घरांत दिलेल्या असतात, तर त्यांच्याकडे आठवडाभर बसा. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहा मात्रांचा, रूपक सात मात्रांचा आणि तोही तीन-दोन-दोन असा. इथल्या कार्यक्रमांतली निम्म्याहून जास्त गाणी केरवा-दादऱ्यातच फिरतात. ड्रमवर घेताना डग्ग्याचा घुमारा बेस ड्रमकडे (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) द्यायचा आणि चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, "ना" स्नेअरच्या (खाली तारा लावलेला समोरचा ड्रम) कडेवर. इंग्रजी गाण्यांचे व्हिडिओ पाहून शिकलेली पोरं इथेच अडकतात. गाणं झुलायला लागतं आणि हे दर दुसऱ्या-चौथ्या मात्रेला स्नेअरवर हातोडा मारत बसतात.

घर, शेजारी आणि कुलर

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. बंद खोलीतला ड्रमसेट सहज १०० च्या घरात जातो. म्हणजे कायद्यावर बोट ठेवून भांडायला गेलात तर पहिल्याच वाक्याला हराल. त्यापेक्षा ड्रमसेट आणायच्या आधी संत्रा बर्फीचा डबा घेऊन वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरी जा. कोणाची रात्रपाळी आहे, कोणाचं दहावीचं वर्ष आहे, कोणाकडे तान्हं बाळ आहे, विचारून घ्या. वेळ त्यांना सांगू द्या आणि तुम्ही ती घड्याळ लावून पाळा.

माझी वेळ सकाळी साडेअकरा ते साडेबारा ठरली होती. पहिल्या आठवड्यात खालच्या काकू जिन्यात उभ्या राहून ओरडल्या होत्या, "काहून बाबू, घर पाडून राहिला का?" दोन वर्षांनी मी तापाने चार दिवस पडून होतो तर त्याच वर आल्या. "आवाज नाही येऊन राहिला तुझा, तब्येत बरी आहे ना?"

अंड्याचे ट्रे भिंतीला लावून आवाज थांबत नाही, हे एकदा लिहूनच टाकतो. खोलीतला खणखणाट थोडा कमी होतो, बाहेर जायचा तेवढा आवाज जातोच. शेजाऱ्यांना खरा त्रास बेस ड्रमचा होतो, आणि तो हवेतून कमी अन् स्लॅबमधून जास्त जातो. त्यावर उपाय: जमिनीवर भोकं पाडलेली प्लाय, त्या भोकांत टेनिसचे चेंडू, चेंडूंवर दुसरी जाड प्लाय, वर सतरंजी, आणि त्यावर ड्रमसेट. वरची प्लाय भिंतीला कुठेही टेकू द्यायची नाही. दाराखालच्या फटीत जुनी रजई कोंबा. जमत असेल तर सरावापुरती जाळीची स्किन (ड्रमवरचं ताणलेलं आवरण) लावा, आवाज कितीतरी खाली येतो.

आता कुलर. मे महिन्यात दुपारी सगळ्या मोहल्ल्याची दारं-खिडक्या बंद आणि प्रत्येक खिडकीत कुलर घरघरत असतो. पॅडवर सराव करायला वर्षातला हा सगळ्यात चांगला काळ, कोणाला काही ऐकू येत नाही. पण त्याच कुलरने माझं पहिलं स्नेअर खाल्लं. मी ड्रमसेट नेमका हवेच्या झोतात मांडला होता. महिनाभरात खालच्या तारांवर गंज चढला, कसायचे रॉड जाम झाले आणि चावी फिरवताना एक रॉड तुटूनच हातात आला. तेव्हापासून स्नेअर कुलरच्या खोलीत उघडं ठेवत नाही. बॅगेत, सोबत चपलांच्या डब्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. रॉडच्या आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, वर्षातून दोनदा: कुलर लावताना एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा.

ड्रमसेट घ्यायचाच तर

इथे कार्यक्रमाला बहुतेक वेळा साउंडवालाच ड्रमसेट पुरवतो. म्हणून आधी स्वतःचं स्टूल, बेसचं पेडल, स्नेअर आणि सिंबल (धातूच्या थाळ्या) घ्या, पूर्ण सेट नंतर. स्वस्त सेटसोबत येणारे सिंबल बहुधा पितळी असतात आणि जेवणाच्या ताटासारखे वाजतात. कांशाचे घ्या. कथिल ८ टक्के असलेले बी८ आवाक्यातले असतात, २० टक्के कथिलाचे बी२० महाग.

जुना सेट बघायला गेलात तर स्किन काढून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर परत या. काढल्यावर ड्रम सपाट फरशीवर किंवा काचेवर उपडा ठेवा आणि आत मोबाइलचा टॉर्च लावा. कडेखालून उजेड डोकावला तर कड उंचसखल झाली आहे, तो ड्रम कधीच सुरात येणार नाही. सिंबलच्या काठावरून नख फिरवा, तडा नखाला लागतो. मधलं भोक लांबुळकं झालं असेल तर तो सिंबल वर्षानुवर्षं वॉशरशिवाय वाजवलाय.

सूर लावणं फार अवघड नाही, पण घाई केली की बिघडतं. सगळे रॉड आधी नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत फिरवा. मग चावीने अर्धा-अर्धा वळसा, पण शेजारच्या रॉडला नाही, समोरासमोरच्या. नंतर प्रत्येक रॉडजवळ, कडेपासून दोन बोटं आत टिचकून ऐका आणि सगळीकडे सारखा सूर येईपर्यंत पाव-पाव वळसा करत राहा. प्लॅस्टिकची स्किन आपल्या उन्हाने तबल्याच्या पुडीइतकी उतरत-चढत नाही, तरी दुपारी मांडलेला स्नेअर रात्री पुन्हा एकदा बघावाच लागतो.

ऑक्टोपॅडला नाक मुरडू नका

मी पाच वर्षं मुरडलं आणि तेवढी कामं घालवली. आठ पॅडचं हे यंत्र रोलँड कंपनीने १९८५ च्या सुमारास आणलं आणि आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात ते असं काही रुजलं की आज छोट्या कार्यक्रमात ड्रमसेट नसला तरी चालतो, ऑक्टोपॅड लागतंच. ढोलकी, तबला, डफ, टाळ्या, सगळं एका स्टँडवर. भजनाच्या कार्यक्रमापासून संदलच्या, म्हणजे दर्ग्याच्या मिरवणुकीतल्या, गाडीपर्यंत ते कुठेही दिसेल. कुठल्या पॅडवर कोणता आवाज, हे गाण्यागणिक लिहून ठेवा आणि सगळ्यांचा आवाज सारख्या पातळीवर आणा. ढोलकीवरून डफवर जाताना आवाज एकदम दुप्पट झाला की गायक वळून बघतो. तो बघितलेला चेहरा मला अजून आठवतो.

कार्यक्रमाचा दिवस

नवतप्यातलं, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हातलं, लग्न होतं, वर्धा रोडकडच्या एका लॉनवर. मी नवा होतो, स्टूल घरी ठेवून गेलो, "खुर्ची तर असतेच ना." खुर्ची होती, मंडपातली प्लॅस्टिकची. दुसऱ्या गाण्याला तिचा मागचा उजवा पाय ओल्या गवतात रुतला आणि मी हळूहळू तिरका होत गेलो. तेवढ्यात बेस ड्रम पुढे सरकायला लागला. पाय लांब करत करत मी पेडल गाठत होतो, शेवटी टाच सुटली. अंतऱ्याच्या मध्यात बेस गायब. वऱ्हाडी नाचत होते म्हणून निभावलं.

त्या रात्रीनंतर मी जे करतो ते असं. पोचल्यावर आधी जागा बघायची. गवत असेल तर प्लाय मागायची, त्यावर आपली सतरंजी. सतरंजीवर प्रत्येक स्टँडच्या पायाची जागा रंगीत टेपने आखलेली आहे, त्यामुळे अंधारातही दहा मिनिटांत मांडणी होते. आधी स्टूल, मग पेडल आणि बेस, मग स्नेअर, बाकीचं त्याभोवती. स्टूलची उंची अशी की मांडी टोंगळ्याकडे किंचित उतरती राहील. आणि एक मजबूत सुतळी स्टूलच्या पायापासून बेस ड्रमच्या पायांपर्यंत ताणून बांधायची. तुमच्याच वजनाने बेस जागेवर राहतो, सरकतच नाही. हा उपाय मला एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्याने सांगितला. स्वतः ते कधी ड्रमवर बसले नव्हते.

उन्हाळ्यात मांडणी संध्याकाळी पाचला करायची असेल तर स्टँड छोटा हत्ती टेम्पोतून थेट सावलीत उतरवा. ४५ अंशात तापलेला लोखंडी स्टँड उघड्या हाताने धरलात तर त्या रात्री काठी धरवणार नाही. डोक्याला दुपट्टा, पाण्यासोबत मीठ-साखर नाहीतर पन्हं. खिशात कांदा ठेवणारेही आहेत, मी त्यावर काही बोलत नाही, माझीही आई ठेवायला लावते. काठ्यांना घाम लागून त्या सटकतात, म्हणून मांडीवर सुती पंचा हवा आणि प्रत्येक गाण्यानंतर हात पुसायचे. सावजीचं झणझणीत जेवण मात्र कार्यक्रम झाल्यावर. आधी खाऊन बसलेल्याचे हाल मी पाहिले आहेत.

साउंड चेकला आधी बेस, मग स्नेअर, हाय-हॅट (पायाने मिटणारी सिंबलची जोडी), टॉम (बाकीचे ड्रम), असा बहुतेकांचा क्रम असतो. साउंडवाला "बेस दे" म्हणाला की फक्त बेस द्यायचा, एकसारखा, कार्यक्रमात वाजवणार तेवढ्याच जोराने. आपली सगळी विद्या तिथे दाखवायची नाही. त्याचं नाव विचारा, चहा आला की त्यालाही द्या. मॉनिटरमध्ये (आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) गायक, कीबोर्ड आणि बेस गिटार मागा. स्वतःचे ड्रम तसेही ऐकू येतातच.

गाण्यांचा कागद मोठ्या अक्षरात, काळ्या जाड पेनाने लिहा. निळ्या लाइटमध्ये निळी शाई दिसत नाही. मुखडा किती, म्युझिक किती आवर्तनं, अंतरा कुठे, कट कुठे, एवढंच. पण नजर कागदावर नाही, गायकावर ठेवा. गायक अंतरा गाळतो, मुखडा एक जास्त घेतो, पाहुणे आले की मध्येच बोलायला लागतो. आणि सम हरवली, प्रत्येकाची कधीतरी हरवतेच, तर उठाण-बिठाण (मध्ये भरायचे जोरकस तुकडे) सगळं बंद करायचं. हाय-हॅट आणि बेस, तेवढंच हळू धरून राहायचं आणि मुखड्याची वाट बघायची. मुखडा येतोच. हरवलेल्या जागी जोरात उठाण वाजवून ती झाकायला जातात ते पकडले जातात.

वसंतराव देशपांडे सभागृह किंवा रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह यांसारख्या बंद हॉलमध्ये लॉनवरचा हात चालत नाही. तिथे काठीऐवजी बारीक काड्यांची जुडी असते ती वापरा, स्नेअरवर एक रुमाल टाका. गझलेच्या कार्यक्रमात मी पहिली चार गाणी फक्त हाय-हॅट वाजवून काढली आहेत आणि मानधन तेवढंच घेतलं आहे.

कान

आवाज ८५ डेसिबल असेल तर आठ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला मिळतात १५ मिनिटं. आपण बसतो तीन तास. रात्री घरी आल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत असेल तर ते थकव्याने नाही, कानाला मार लागलाय. संगीतवाल्यांसाठीचे इअरप्लग मिळतात, त्यात सूर न बिघडता आवाज खाली येतो. ते घ्या, नसतील तर फोमचे. कापूस नको, त्याने जेमतेम फरक पडतो. मी हे तिशीनंतर सुरू केलं. डाव्या कानाला, हाय-हॅटच्या बाजूच्या, आता कुलरची घरघर कमी ऐकू येते.

पैसे आणि पंचांग

कामाचं वर्ष पंचांगाने चालतं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग, एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम, मेमध्ये पुन्हा लग्नं. पावसाळ्याची सुरुवात कोरडी, मग गणपती आणि नवरात्र. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालकडचं काम शक्यतो घेऊ नका. इडा-पीडा घेऊन जाणारी म्हणतात त्या मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत टेम्पो अडकला की मारबत तुमची इडा-पीडा काही घेऊन जात नाही. कोरड्या दिवसांसाठी चार शिकवण्या हव्यातच.

बोलणं फोनवर झालं तरी नंतर मेसेज टाका: तारीख, पोचायची वेळ, किती वाजेपर्यंत, रिहर्सल किती, टेम्पो कोणाचा, जेवण आहे का, एका नाइटचे किती, बयाणा किती. दहाला स्पीकर बंद करायचा असतो आणि पाहुणे नऊला येतात, त्यामुळे कधी कधी पाऊण तासच वाजवणं होतं. मग आयोजक म्हणतो, "अर्धाच झाला ना कार्यक्रम." एकाने मला खरोखर अर्धे दिले. मेसेजमध्ये वेळ लिहिली नव्हती, काय भांडणार? आता "पोचल्यापासून मानधन लागू" हे वाक्य मोबाइलमध्ये तयारच ठेवलंय.

आवरताना

रात्री सगळे जेवायला पळतात आणि वस्तू तेव्हाच हरवतात. आधी आवरा, मग ताटावर बसा. सिंबल पहिले काढायचे, कारण त्यांच्यावरच कोणीतरी पाय देतो. मग पेडल, स्नेअर, स्टँड, स्टूल, शेवटी सतरंजी. बॅगेच्या झाकणाला आतून यादी चिकटवा आणि बोट ठेवून मोजा. माझ्या यादीत १७ वस्तू आहेत. सिंबलच्या फेल्टच्या चकत्या आणि वरचे नट एका डबीत, डबी खिशात. सतरंजी गुंडाळायच्या आधी टॉर्च मारून एकदा झटका, चावी बहुतेक वेळा तिथूनच पडते.